आईच्या खांद्याचं टेंडन फाटलंय, दुर्बिणीतून करावं की छेद घेऊन?

खटावची_लेक
नमस्कार, थोडं मोठं लिहितेय. आई ५९ वर्षांची, शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. चार महिन्यांपूर्वी अंगणात पाय घसरून उजव्या हातावर पडली, आम्ही मुका मार समजून शेकत बसलो. आता हात खांद्याच्या वर जातच नाही, वेणी घालायला माझी वाट बघते आणि रात्री त्या कुशीवर झाली की कळवळून उठते. एमआरआयमध्ये सुप्रास्पायनेटस (हात वर उचलणाऱ्या स्नायूला हाडाशी जोडणारं खांद्यातलं टेंडन) पूर्ण फाटलंय, सव्वादोन सेंटिमीटर, असं आलंय. एक डॉक्टर म्हणतात छोटा छेद घेऊन शिवतो, खर्च कमी. दुसरे म्हणतात दुर्बिणीतूनच, आणि तेही डबल रो, त्यात अँकर (टेंडन शिवायला हाडात बसवायच्या छोट्या खिळ्या) जास्त लागतात म्हणून खर्च बराच वाढतो. पैशाचं करू काहीतरी, पण स्वस्तातलं केलं म्हणून आईचा हात अधू राहिला असं व्हायला नको. कुणी सांगेल का?

हाडांचा_डॉक्टर
ताई, दोन्ही डॉक्टर चुकीचं सांगत नाहीयेत. पूर्वी पूर्ण ओपन करायचे तेव्हा वरचा डेल्टॉइड स्नायू हाडापासून सोडवायला लागायचा, मिनी ओपनमध्ये तो सोडवत नाहीत, त्याचे धागे बाजूला सारून तीन-चार सेंटिमीटरच्या छेदातून काम होतं. दुर्बिणीत लहान भोकं पाडून सलाइनच्या पाण्यात बघत बघत शिवतात, सुरुवातीचे काही आठवडे दुखणं जरा कमी असतं. पण पुढचं ऐका. ब्रिटनमध्ये पन्नाशीच्या वरच्या २७३ पेशंटवर यूकफ नावाची ट्रायल झाली, ओपन विरुद्ध दुर्बीण, आणि दोन वर्षांनी हात किती चालतो, किती दुखतो यात फरक निघाला नाही. टेंडन परत फाटण्याचं प्रमाणही दोन्हीकडे मोठंच होतं, शंभरातले चाळीसच्या आसपास. ज्यांचं नीट जुळून आलं त्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला.

डबल रो म्हणजे अँकरच्या दोन ओळी, टेंडन हाडावर जास्त जागेवर दाबून बसतं. तीन सेंटिमीटरच्या वरच्या फाटण्यात मी तोच करतो. आईंच्या मापाला नीट केलेला सिंगल रोही चालतो. त्यापेक्षा दोन गोष्टी विचारा: स्नायूत चरबी किती भरलीय (गुटालिए ग्रेड म्हणतात, ० ते ४, तीन किंवा जास्त असेल तर शिवलेलं धरणं अवघड) आणि टेंडन किती आत ओढलं गेलंय. पडून फाटलेलं आहे, तेव्हा उगाच वर्ष काढू नका. आणि तीन महिन्यांची शुगर आधी करून घ्या, ती वाढलेली असेल तर टेंडन जुळायला वेळ लागतो, खांदा आखडतो, इन्फेक्शनचीही भीती.

स्कूटरवाल्यांचा_मुलगा
माझ्या बाबांचं दुर्बिणीतून डबल रोच झालं होतं, ऑपरेशन एकदम छान झालं. पाचव्या आठवड्यात दुखत नव्हतं म्हणून त्यांनी स्लिंग (हात गळ्यात अडकवायची झोळी) काढून ठेवला आणि कुणाला न सांगता स्कूटर मेन स्टँडवर ओढली, मी जिन्यात होतो, मला त्यांचं 'आई गं' ऐकू आलं. सोनोग्राफीत अर्धं परत सुटलेलं. आज दुखणं आधीपेक्षा खूपच कमी आहे पण वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही. मला अजून वाटतं त्या दिवशी मी दोन मिनिटं आधी उतरायला हवं होतं. तुम्ही आईंजवळ कोण थांबणार हे आधी ठरवा, पोळ्या कोण लाटणार तेसुद्धा.

फिजिओ_मनापासून
वरच्या दादांशी पूर्ण सहमत. दुखणं थांबतं आधी, टेंडन हाडाला धरतं फार नंतर, आणि पेशंट नेमके त्या मधल्या दिवसांत फसतात. साधारण सहा आठवडे स्लिंग, त्या काळात हात दुसऱ्याने हलवायचा, स्वतः उचलायचा नाही, दुधाचं पातेलंही नाही. ताकदीचे व्यायाम बारा आठवड्यांच्या आसपास, तेही सर्जननी सांगितल्यावर. झोपताना पाठीला उशा लावून अर्धवट बसतं करा, कोपराखाली एक छोटी उशी. ब्लाउज अंगात घालताना ऑपरेशनची बाही आधी, काढताना शेवटी. समोरून बटणं असलेले दोन गाऊन आत्ताच शिवून ठेवा.

खटावची_लेक
सगळ्यांचे खूप आभार. रिपोर्ट घेऊन परत विचारून आले, ग्रेड १ आहे म्हणाले. पण तीन महिन्यांची शुगर ८.६ निघाली, म्हणून आधी फिजिशियनकडे जातोय, ती खाली आली की लगेच तारीख घेऊ. मिनी ओपनवालेच ठरवले, असे खांदे ते नेहमी करतात आणि सहा आठवड्यांचा फिजिओचा कागद त्यांनी स्वतःच काढून दिला. मावशी दीड महिना राहायला येतेय. गाऊनचं कापड काल आणलं.