मदत हवी आहे: कॅराव्हॅनला स्लाइड-आऊट घेऊ का नको? वापर सगळा कोकणातच

वाडीवरचा:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

तर गाडीमागे ओढायची कॅराव्हॅन बनवून घेतोय. गाव आमचं वेळणेश्वरच्या अलीकडे, नोकरी पुण्यात. बेत असा की दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंत जमेल तसं किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायचं, हर्णै, गुहागर, गणपतीपुळे, सुट्टी असेल तर खाली देवगड-मालवण, एकेका ठिकाणी तीन-चार दिवस मुक्काम, मे महिन्यात गावच्या अंगणात लावायची म्हणजे पाहुणे आले की एक खोली जास्तीची, आणि मिरग लागायच्या आत झाकून ठेवायची. माणसं पाच. आम्ही दोघं, दोन पोरं आणि आई.

बॉडी करणारा फॅब्रिकेटर घाटावरचा आहे, काम चांगलं दिसलं. तो म्हणतो एका बाजूला स्लाइड-आऊट टाकून देतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, भिंतीचा सात फुटांचा तुकडा खालच्या फळीसकट टेबलाच्या खणासारखा बाहेर सरकतो, बटण दाबलं की मोटर ढकलते, आणि आत तीन फूट जागा वाढते. त्याचे वेगळे 2 लाख 40 हजार सांगतोय. ट्रेलर अठरा फुटी, रुंदी सात फूट, म्हणजे आत तसा बोळच.

मला मोह होतोय तो आईमुळे. तिचे गुडघे गेलेत, वरच्या बंकवर ती चढणार नाही, रात्री दोनदा उठते. साध्या प्लॅनमध्ये जेवायच्या टेबलाचा बेड करायचा आहे, म्हणजे सकाळी आईला उठवल्याशिवाय कुणाला चहा नाही. स्लाइडमध्ये तिचा कायमचा खाली बेड होतो.

भीती पण वाटते. आपला पाऊस, खारा वारा, वरून घाट आणि फेरीबोट. कुणी वापरलंय का असलं काही? स्पष्ट सांगा, वाईट वाटून घेणार नाही.

सड्यावरची:
दादा, मी वापरलंय, म्हणजे भाड्याने. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात चार दिवसांसाठी एक मोटर कॅराव्हॅन घेतली होती, स्लाइडवाली, कुणाची ते सांगत नाही. पहिले दोन दिवस एवढं भारी वाटलं की नवऱ्याला म्हटलं आपण घर विकून हेच घेऊ. आरे-वारेच्या बाजूला एका आगरात लावली होती, मालकांची परवानगी घेऊन. तिसऱ्या रात्री अवकाळी आला. आत थेंब नाही हं, खोटं कशाला बोलू, सील चांगलं होतं. पण स्लाइडच्या वर जे कापडी छत असतं ना, त्यात मधोमध पाणी साचून बाळाच्या झोळीसारखा फुगा आला होता आणि वर माडाचा कचरा, चुडताचे तुकडे, फुलोरा. पहाटे निघायची घाई, ह्यांनी दाबलं बटण. छत गुंडाळत आलं तसं ते सगळं पाणी एका बाजूला सरकलं आणि कडेने आत, थेट गादीवर. गादी, दोन उशा, माझी पर्स. वर तो फुलोरा सीलमध्ये अडकून स्लाइड एका कोपऱ्याने चार बोटं बाहेरच राहिली. मग हँडल शोधा. हँडल होतं बेडखाली, बेड होता ओला. पाऊण तास फिरवत होते हे, आणि आगरातले आजोबा पायरीवर बसून शांतपणे विचारतायत, "काय, बसत नाय?"

तात्पर्य वगैरे नाही, पण बंद करायच्या आधी शिडी लावून वरून झाडू मारायची तयारी असेल तरच घ्या. दर वेळी. पाऊस असला तरी. आणि माडाखाली लावू नका, नारळ काय कुणाला विचारून पडत नाही.

वाडीवरचा:
ताई, हसू पण आलं आणि पोटात गोळा पण. आमच्या अंगणात माडच आहेत सगळे.

फायबरवाला:
मी होड्यांची फायबरची कामं करतो, रत्नागिरीला. कॅराव्हॅन बनवली नाही पण आमच्या ट्रेलरांची आणि समुद्राकाठच्या लोखंडाची काय दशा होते ते रोज बघतो म्हणून लिहितो.

पाऊस वरून पडतो तेव्हा काही होत नाही. आपल्याकडे झड येते, आडवी. जुनी माणसं पश्चिमेच्या पडवीला झापं बांधायची ती उगाच नाही. स्लाइडला चारी बाजूंनी फट असते आणि ती सगळी रबराच्या भरवशावर. दोन प्रकारचं रबर असतं, एक पातळ जिभेसारखं, ते पाणी पुसतं, आणि एक नळीसारखं पोकळ, ते दाबलं जाऊन बंद करतं. दोन्ही पाहिजेत, आतून पण बाहेरून पण. फॅब्रिकेटर एकच लावत असेल तर तिथंच उठून या. आणि रबराला ऑइल ग्रीस लावू नका, ते फुगून मऊ पडतं, सिलिकॉनचा स्प्रे मिळतो तो मारा. उन्हाने ते कडक होणारच, तेव्हा बदलायचं रबर आहे असं समजूनच चाला.

दुसरं खाली बघा. वरच्या गळतीकडे सगळे बघतात, पण स्लाइडची फळी प्लायची असते आणि तिची खालची कड चाकाच्या चिखलाला उघडी. पाणी प्यायलं की प्लाय फुगतो, फुगला की सरकत नाही, आणि नाही सरकला की माणूस मोटरवर जोर काढतो. मग गिअरचे दात जातात. कडा रेझिनने बंद करून घ्या, खालून पण फायबरचा लेप. मरीन प्लाय म्हणून दुकानदार काय पण देतात, एक तुकडा रात्रभर बादलीत बुडवून ठेवा, सकाळी कळेल.

तिसरं रेल आणि स्क्रू. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीत लोखंडी स्क्रू मारला की खाऱ्या हवेत दोघांचं भांडण लागतं, पांढरी पूड दिसायला लागते, ती म्हणजे अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातंय. नट-बोल्ट स्टेनलेसचे घ्या आणि त्यातही 316 ग्रेडचे मागा, 304 ला समुद्राकाठी तांबूस डाग येतातच. वाळूत जाऊन आलात की रेल गोड्या पाण्याने धुवा. वाळू आणि ग्रीस मिळून पॉलिश पेपर तयार होतो.

हे सगळं केलंत तर टिकेल का, टिकेल. पण दरवर्षी मे महिन्यात कौलं शाकारतो तसं हिचं पण शाकारावं लागणार, आणि ते पुण्यात बसून होत नाही.

घाटवळणी:
सगळे पाण्यावरच बोलताय, वजनाचं कोण बोलणार. वाडीवरचे साहेब, गाडी कुठली आहे ते लिहिलं नाहीत, असू दे, पण मॅन्युअल काढा आणि ट्रेलर किती ओढायला परवानगी आहे ते बघा, ब्रेकवाल्या ट्रेलरला किती आणि बिनब्रेकच्या ट्रेलरला किती हे दोन वेगळे आकडे असतात. मग फॅब्रिकेटरला स्लाइडसकट रिकामं वजन विचारा. त्यात पाणी धरा, शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, गॅस, बॅटऱ्या, भांडीकुंडी, पोरांच्या सायकली. बहुतेक तिथंच उत्तर मिळेल.

आणि स्लाइड एका बाजूला असते. बेड, मोटर, रेल सगळं उजवीकडे, तर पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या डावीकडे घेतल्या पाहिजेत, नाहीतर कुंभार्लीच्या वळणावर मागचं धूड तुम्हाला सांगेल कोण कुणाला ओढतंय ते. एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के हिचवर, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडतो त्या जागी, पडलं पाहिजे, कमी पडलं की शेपूट हलते. घाट उतरताना ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर तुमच्या गाडीचे ब्रेक तापणार, हे स्लाइड असो नसो.

फेरीबद्दल. दाभोळ-धोपावे आणि जयगड-तवसाळ दोन्ही ठिकाणी ओहोटीला उतार बऱ्यापैकी पडतो, मागे जास्त लांब बाहेर आलेलं असेल तर बुडखा घासतो. स्लाइडची यंत्रणा खाली लोंबत असेल तर पहिला मार तिलाच. भरतीच्या सुमारास जा किंवा मागचा भाग आखूड ठेवा.

कागदपत्रांचं पण बघून घ्या. ट्रेलरला वेगळं रजिस्ट्रेशन लागतं, बंद असताना रुंदी 2.6 मीटरच्या आत पाहिजे, तुमची सात फुटी म्हणजे तो प्रश्न नाही. पण आधी साधा ट्रेलर पास करून घेऊन नंतर भिंत कापून स्लाइड टाकू असं कुणी सुचवलं तर नको म्हणा, गाडीत असे परस्पर बदल करू नयेत म्हणूनच मोटर वाहन कायद्याचं 52 कलम आहे. 2021 ला सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं म्हणून आरटीओत सगळं आपोआप होतं असा काही जणांचा गैरसमज आहे.

परदेशी पाहुणा:
मी थोडी उलटी बाजू मांडतो कारण इथे स्लाइडला फासावरच चढवायचं चाललंय. टेक्सासमध्ये मेव्हण्याकडे तीन स्लाइडवाला मोठा ट्रेलर आहे, आम्ही त्यात तीन आठवडे राहिलोय सहा माणसं. स्लाइड बाहेर गेली की तो बोळ राहत नाही, खोली होते. एक जण स्वयंपाक करतोय आणि दुसरा मागून जातोय, कुणी कुणाला "सरक" म्हणत नाही. तीन आठवड्यांत भांडण नाही झालं याचं निम्मं श्रेय मी स्लाइडला देतो. बाहेर दिवसभर पाऊस असताना पोरं आत असली की त्या तीन फुटांची किंमत कळते.

पण हेही खरं की तिकडे लावायची जागा सपाट काँक्रीटची, वीज-पाणी-ड्रेनेज जागेवर, आणि ओढायला हा मोठा ट्रक. आधी ट्रेलर लेव्हलमध्ये आणायचा, मगच स्लाइड उघडायची, हा मेव्हण्याचा नियम, कारण चॅसी पिळलेली असताना ढकललं की ती तिरकी जाते आणि सील दुमडतं. आता आपल्या कातळावर लेव्हल कुठून आणणार. एसीला पण जास्त काम पडतं, त्या पेटीच्या भिंती पातळ. ब्रिटनमध्ये गाडीमागे ओढायच्या लहान कॅराव्हॅनना स्लाइड फारशी दिसतच नाही, तिथे वजनाचं गणित आपल्यासारखंच घट्ट आहे. ते लोक दाराबाहेर तंबूची अख्खी खोली जोडतात.

माझं मत, गाडी एका जागी महिनाभर राहणार असेल तर डोळे मिटून घ्या. रोज हलणार असेल तर नको.

देवगडकार:
पावसात उघडूचा नाय आणि माडाखाली लावूचा नाय, मगे कोकणात ता घेऊन करतलास काय?

सड्यावरची:
देवगडकार 😂😂

वाडीवरचा:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. एक राहिलं होतं ते आज काकांनी लक्षात आणून दिलं. अंगणात जिथे लावणार आहे तिथून स्लाइड बाहेर काढली तर ती गडग्याच्या वरून दीड फूट पलीकडे जाते, आणि पलीकडे चुलत आजोबांचा हिस्सा. 1987 पासून त्या गडग्याची केस चालू आहे. काका म्हणाले, तू बटण दाब, मी वकिलाला फोन लावून ठेवतो.

घाटवळणी:
मग दुसऱ्या बाजूला काढा की.

वाडीवरचा:
दुसऱ्या बाजूला तुळस आहे.

फायबरवाला:
थट्टा राहू द्या, एक काम करा. पैसे द्यायच्या आधी त्याच्या वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने पूर्ण प्लॅन आखायला लावा, स्लाइड बंद असतानाचा. सगळे उघडी असतानाचा फोटो दाखवतात. बंद असताना संडासापर्यंत जाता येतं का, फ्रिज उघडतो का, गॅसपाशी उभं राहता येतं का ते चालून बघा. आणि आईंना सोबत न्या.

वाडीवरचा:
अपडेट. शनिवारी जाऊन आलो, आईला घेऊन. खडूने आखलं, बेडच्या जागी प्लायचे तुकडे आणि खुर्च्या मांडल्या. स्लाइड आत घेतलेली धरली तर मधे चालायला तेरा इंच राहतात. मी आडवा होऊन गेलो. आई दोन पावलं गेली, खुर्चीला हात धरून थांबली आणि म्हणाली, इथून नाही रे जमणार. संडासाचं दार वीतभर उघडतं. फ्रिज तर उघडतच नाही.

फॅब्रिकेटर म्हणाला, साहेब ती बंद फक्त प्रवासात, आणि चालू ट्रेलरमध्ये कोणी बसायचं नसतंच. बरोबर आहे त्याचं. पण मी त्याला म्हटलं, मे महिन्यात धोपाव्याला फेरीच्या रांगेत कधी थांबलायस का? पुढे पंधरा गाड्या, पाऊण तास, आणि आईला जायचंय. मागे स्वतःचं बाथरूम ओढतोय पण आत शिरता येत नाही, रांगेत स्लाइड काढायची तर शेजारच्या एसटीत घुसेल. यावर तो गप्प बसला. आई माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होती, कारण मागच्या वर्षी हे खरंच झालं होतं आणि ते मी चारचौघांत बोललो.

वजनाचं पण विचारलं. स्लाइड नसताना रिकामी साधारण 1400, असताना 1650 म्हणाला. मॅन्युअल बघितलं, स्लाइडसकट पाणी आणि सामान धरलं की वजन आमच्या गाडीच्या मर्यादेत बसत नाही. आकडा आधीच बघायला हवा होता, घाटवळणी, तुमचं बरोबर.

तर स्लाइड रद्द. आईचा बेड मागच्या भिंतीला आडवा, कायमचा, दीड फूट उंचीवर, बाथरूमच्या दाराला लागून. सात फूट रुंदीत ती आरामात झोपते, झोपून पण दाखवलं तिने खडूच्या रेघांत, वर्कशॉपमधली पोरं हसत होती. पोरांना वर बंक, आम्ही दोघं टेबलाच्या बेडवर, म्हणजे सकाळी चहासाठी उठायचं आम्हीच. वाचलेल्या पैशांत ट्रेलरला ब्रेक आणि बाहेर गुंडाळायचं मोठं छत, तिन्ही बाजूंनी चेन लावून बंद होणारं. काका त्याला पडवी म्हणतायत, आता आम्ही सगळेच पडवी म्हणतो.

आता पुढचा प्रश्न. पडवी डावीकडे घेऊ का उजवीकडे?

घाटवळणी:
डावीकडे. दार डावीकडेच घ्या, रस्त्याच्या कडेला उतरता आलं पाहिजे, ट्रॅफिकमध्ये नाही.

फायबरवाला:
डावीकडे. आणि लावताना ती बाजू पूर्वेला येईल अशी उभी करा. झडीकडे पाठ.

देवगडकार:
तुळशीकडे तोंड.