गणपती राज्य महोत्सव झाला, पण चाळीतल्या मंडळाचं पुढं काय?

परळचा_खजिनदार

मंडळी, मनापासून सल्ला हवाय. परळमधल्या एका चाळीच्या मंडळाचे हिशोब मी बघतो. चाळ पुनर्विकासाला गेली, काही लोक ट्रान्झिट कॅम्पमधे, बाकीचे विरार, दिवा, बदलापूरला पांगले आणि पावती पुस्तक घेऊन फिरायला दारंच उरली नाहीत. खर्च मात्र दरवर्षी वाढतोय, मंडप, लायटिंग, साऊंड, परवानग्या सगळंच. आता बिल्डर बोलतोय की पूर्ण उत्सव मी करतो, फक्त कमानीवर आणि मंडपात त्याच्या टॉवरच्या जाहिराती लागणार आणि मूर्ती मोठी पाहिजे, आगमनाला गर्दी झाली पाहिजे. अर्धी पोरं तयार आहेत, आणि मला त्यांचा राग येत नाही, कारण त्यांना उत्सव बंद पडलेला बघायचा नाहीये.

2025 च्या जुलैमधे विधानसभेत सार्वजनिक गणेशोत्सव हा महाराष्ट्राचा राज्य महोत्सव म्हणून जाहीर झाला तेव्हा आम्हाला खरंच अभिमान वाटला होता. पण या दहा दिवसांत मुंबईत जो पैसा फिरतो, फुलवाल्यापासून ढोल पथकापर्यंत, तो आमच्यासारख्यांपर्यंत येणार कुठून? आणि घ्यायचा तर कोणाकडून घ्यायचा? गिरणगावातल्या जुन्या लोकांनी 1982 च्या संपातसुद्धा वर्गणी दिली होती असं वडील सांगायचे. हे आमच्या हातून सुटावं असं वाटत नाही.

हावडा_ते_दादर

नोकरीसाठी काही वर्षं कोलकात्यात होतो म्हणून तिकडचं सांगतो. दुर्गापूजेला 2021 मधे युनेस्कोची मान्यता मिळाली, आणि ब्रिटिश कौन्सिलच्या अभ्यासात 2019 च्या पूजेभोवतीच्या कलेच्या उद्योगांची उलाढाल 32,377 कोटी धरली होती. मूर्ती, मंडप, लायटिंग, जाहिरात असं सगळं वेगवेगळं मोजलेलं. असा हिशोब मुंबईच्या गणपतीचा सरकारने आधी करावा, म्हणजे मूर्तिकाराला किती, मंडपवाल्याला किती आणि फ्लेक्सवाल्याला किती ते समोर येईल.

तिकडे सरकारने पूजा कमिट्यांना थेट पैसे पण दिले, 2025 ला प्रत्येकी 1 लाख 10 हजार. छोट्या कमिटीला त्याचा मोठा आधार होतो. पण एकदा त्याची सवय लागली की शेजाऱ्याच्या दारात जाऊन पन्नास रुपये मागायचं काम थांबतं, आणि माझ्या मते त्या मागण्यातच निम्मा उत्सव आहे. माणसं त्या निमित्ताने भेटतात, भांडतात, मुलांची चौकशी करतात.

बिल्डरचं बोलाल तर मी सरळ नाही म्हणणार नाही. पैसे घ्या पण लेखी घ्या, कमानीवर एक जाहिरात, मंडपात काही नाही, मूर्तीची उंची मंडळ ठरवणार. ऐकत नसेल तर त्याला उत्सव नको, गर्दी हवी आहे हे कळलंच.

कारखानावाला_पेण

खजिनदारभाऊ, उंचीचं निघालं म्हणून लिहितो. आमचं घराणं मूर्तीचं. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात गणपती झाला की पुढच्या गणपतीचं काम सुरू होतं, वर्षभर घराघरात साचे, रंग, सुकवण हेच चालतं, बायका पण तेवढंच काम करतात. लोक दहा दिवस बघतात, आमचे हप्ते बारा महिने असतात.

2025 ला आम्ही काय काय बघितलं ते सांगतो. 30 जानेवारीला हायकोर्टाने पीओपीबंदी कडक पाळायला सांगितली, माघी गणपतीत उपनगरातल्या मंडळांच्या मोठ्या मूर्ती विसर्जन न होता परत आणाव्या लागल्या, इकडे आमचा अर्धा माल तयार होऊन पडलेला आणि कर्ज डोक्यावर. मग पीओपीचा अभ्यास करणाऱ्या काकोडकर समितीचा अहवाल आला, 9 जूनला मूर्ती बनवायला मोकळीक मिळाली, आणि विसर्जनाचं जुलैच्या शेवटी ठरलं की 6 फुटांपर्यंतची कृत्रिम तलावातच, त्यावरची समुद्रात, तेही मार्च 2026 पर्यंतच. धंद्याचं गणित गणपतीच्या महिनाभर आधी कळलं तर कारागिराने काय करायचं? समुद्र स्वच्छ राहिला पाहिजे यात वादच नाही, मी कोळ्यांच्या बाजूनेच आहे. पण नियम दोन वर्षं आधी सांगा, आम्ही बदलू.

शाडूचं पण नीट समजून घ्या. पीओपी काथ्या घालून साच्यात ओतलं की लगेच धरतं, वजनाला हलकं. शाडू भर पावसात सुकत नाही, आत बल्ब लावून ठेवावे लागतात, तडा गेला तर परत भरायचं, नेताना एक धक्का बसला की हात गेला. पालिकेने माती फुकट दिली ते चांगलंच झालं, पण खर्च मातीचा नसतो, कारागिराच्या दिवसांचा आणि सुकवायच्या जागेचा असतो. मुंबईत परळ लालबागला मोठी मूर्ती करणारे लोक दरवर्षी कुठलं तरी मैदान नाहीतर रस्त्याची कड परवानगीवर घेऊन शेड उभी करतात आणि गणपतीनंतर मोडतात. राज्य महोत्सव म्हणता ना, तर या लोकांना बारमाही जागा द्या, बाकी काही नका देऊ.

तुम्हाला एवढंच सांगेन की 4 फुटांची शाडूची मूर्ती घ्या आणि ऑर्डर होळीच्या आत द्या. भाव पण बरा पडेल आणि डोळ्यांची आखणी मी स्वतः करेन.

दर्यावर्दी_भांडुप

वरच्या जागेच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. मी जहाजावर असतो, ब्राझीलचं रिओ आणि त्रिनिदादचं पोर्ट ऑफ स्पेन दोन्ही बंदरं केलीत. रिओत कार्निव्हलच्या मिरवणुकीसाठी 1984 मधे साम्बाड्रोम बांधला ते सगळ्यांना माहिती असतं, पण बंदराजवळ साम्बा सिटी म्हणून एक जागा आहे तिथे मोठ्या साम्बा शाळांना, म्हणजे तिकडच्या मिरवणुकीच्या मंडळांना, चित्ररथ बनवायला कायमच्या शेड दिल्यात. सुतार, वेल्डर, शिवणकाम करणाऱ्या बायका सगळे एका छपराखाली.

त्रिनिदादचा कार्निव्हल मला आपल्या जास्त जवळचा वाटतो कारण तो पण वस्तीतून आलाय. तेलाच्या पिंपांपासून बनवलेलं स्टीलपॅन 1992 मधे त्यांनी राष्ट्रीय वाद्य ठरवलं, राष्ट्रीय कार्निव्हल आयोग आहे, पॅनोरामा नावाची स्टीलपॅन बँडची स्पर्धा 1963 पासून चालू आहे. तिथे प्रायोजकाचं नाव बँडच्या नावापुढे लागतं, बीपी रेनेगेड्स असं. पण तालमीचं अंगण वस्तीतच, वाजवणारी पोरंपोरी तिथलीच. ते टिकलंय. उलट मिरवणुकीचे पिसांचे, मण्यांचे पोशाख बरेच चीनमधून यायला लागले, पर्यटकाला पॅकेज विकायचं, आणि गावातले तार वाकवणारे, पोशाख शिवणारे हात रिकामे झाले. एकाच सणात दोन्ही झालं बघा. म्हणून प्रायोजकाच्या नावाला घाबरू नका, काम कोणाच्या हातात राहतंय ते बघा.

जांभोरीची_ताई

मी बीडीडी चाळीत वाढले. वरळीत ऑगस्ट 2025 मधे पहिल्या 556 घरांच्या चाव्या दिल्या, 160 फुटांच्या खोलीतून 500 फुटांत माणसं गेली, ते हक्काचं आणि चांगलंच झालं. पण गॅलरी गेली की तालीम कुठे करायची? आमच्याकडे एकांकिका, नाच, रात्रीची भजनं सगळं गॅलरीत आणि खालच्या पटांगणात व्हायचं. खजिनदारदादा, तुमच्या करारात उत्सवासाठी तळमजल्यावर किंवा पोडियमवर मोकळी जागा आत्ताच लिहून घ्या. ताबा मिळाल्यावर सोसायटीत पार्किंगवरून भांडण होतं आणि गणपती कोपऱ्यात जातो. बिल्डरकडून काही घ्यायचंच तर ही जागा घ्या, दहा दिवसांचा मंडप नको.

आणि लहान मूर्तीत कमीपणा मानू नका. गिरगावातली केशवजी नाईकांची चाळ 1893 पासून बसवतेय, आजही लहान शाडूची मूर्ती आणि पालखीतून मिरवणूक, बघायला लोक लांबून येतात. दुसऱ्या टोकाला किंग्ज सर्कलच्या जीएसबी मंडळाचा 2025 चा विमा 474 कोटींचा होता, त्यातले 375 कोटी सेवेकऱ्यांच्या, पुजाऱ्यांच्या अपघात विम्याचे. म्हणजे श्रीमंत मंडळ असलं तरी राबणाऱ्या माणसाचा विचार आधी केलाय. तुम्ही पण मंडप बांधणाऱ्या पोरांचा साधा विमा काढाच.

परळचा_खजिनदार

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः ताई, करारातला जागेचा मुद्दा आमच्या कोणाच्याच डोक्यात नव्हता आणि अजून सह्या बाकी आहेत. रविवारी दादरला मीटिंग लावतोय म्हणजे विरार आणि बदलापूर दोन्हीकडच्यांना सोयीचं. वर्गणी यूपीआयवर सुरू करतो पण पावती हातात द्यायला दोन पोरं घरी जातीलच, कितीही लांब असलं तरी. बिल्डरला एका जाहिरातीचं लेखी पत्र देतो, बघू काय बोलतो. पेणचे दादा, मीटिंगमधे उंची ठरली की लगेच ऑर्डर देतो, होळीच्या आत नक्की.