तुम्ही अजूनही गळ घेऊन कशाला जाता? अनुभव लिहा

कन्हानकाठी

राम राम मंडळी.

मागच्या रविवारी पहाटे साडेचारला मी रॉडची नळी खांद्याला अडकवून निघत होतो, तर सौ. दारात उभी. म्हणाली, "अठरा वर्षं जाऊन राहिलात. मासोळी घरी आणत नाही, हल्ली फोटोही काढत नाही. मग जाता कशाला, ते एकदा सांगा तरी." भांडणाच्या सुरात विचारलं असतं तर काहीतरी उत्तर सुचलं असतं. ती खरंच विचारत होती. खापरखेडा ओलांडून पारशिवनीच्या रस्त्याला लागलो तरी मी तेच घोळवत होतो. म्हणून हा धागा.

ज्यांना फ्लाय फिशिंग नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. साध्या गळात पुढे शिशाचं किंवा आमिषाचं वजन असतं, ते फेकलं की दोरी त्याच्यामागे जाते. फ्लाय म्हणजे गळावर पीस आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा, त्याला वजन नसतंच. इथे दोरी जाड आणि वजनदार. नऊ फुटी रॉडने ती हवेत मागे-पुढे झुलवायची आणि पाण्यावर उलगडायची. म्हणजे पाठीमागेही तेवढीच मोकळी जागा हवी, आणि आपल्याकडे पाठीमागे बाभूळ असते. पहिल्या पावसाळ्यातले माझे निम्मे फ्लाय बाभळींनी ठेवून घेतले.

माझी २००७ ची वही आहे. पहिल्या पानावर तारीख, जागा आणि "चिलवा – १". बोटाएवढी मासोळी. आईने ती तळायला नकार दिला, म्हणाली तव्याला लाज वाटेल. पुढची तीन वर्षं वहीत नुसते आकडे. एका दिवशी ४३ तिलापिया. (तिलापियाची मादी अंडी नि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे ती जिथे शिरली तिथून जात नाही. ४३ मध्ये माझं कर्तृत्व किती ते समजून घ्या.) मग आकडे गेले आणि किलो आले. काटा घेतला, हूकवाला. मग काटाही कपाटात गेला, आणि जो मासा दिसतोय पण घेत नाहीये त्याच्याच मागे दिवस घालवायची खोड लागली.

जुने गळवाले हीच शिडी सांगतात. आधी एक तरी, मग पुष्कळ, मग मोठा, मग अवघड, आणि शेवटी म्हणे नुसतं पाण्याकाठी असणं पुरतं. मला शेवटची पायरी कधी पटली नाही. २०१९ मध्ये पुण्याहून भाचा आला, वय वर्षं अकरा. त्याने सहा काढल्या, मी दोन. एवढी वर्षं मनाशी म्हणत होतो की मला आकड्यांचं काही नाही, आणि त्या दिवशी पोरगा भूक लागली म्हणत असताना मी अंधार पडेपर्यंत थांबलो. सातवी लागेपर्यंत. घरी येताना तो गाडीत झोपला आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

तुमचं काय? फ्लायवालेच पाहिजेत असं नाही. दोन विनंत्या. नेमकी जागा लिहू नका, आणि तलाव मच्छीमार संस्थेच्या ठेक्यात असेल तर विचारल्याशिवाय गळ टाकू नका. पेंचच्या जंगलातल्या पाण्याचा तर विषयच नको. तिथे मासेमारी बंद आहे, आणि बंदच बरी.

खापरखेड्याचे काका

मी फिटर म्हणून रिटायर झालो. तुमच्या शिडीवर मी 'मोठा मासा' या पायरीवर दहा वर्षं होतो, आणि तिथून कसा उतरलो ते सांगतो.

२०१६ चा मे. सकाळचे अकरा, अंगाची लाही. त्या दिवसांत आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो. एक कतला लागला, सहा किलोच्या आसपास. मी मुद्दाम बारीक दोरी लावली होती, कारण बारीक दोरीवर मोठा मासा काढला की चार लोक वा म्हणतात. पंचवीस मिनिटं खेळवला. काठावर आणला, कल्ल्यात बोटं घालून उचलला, सोबतच्या पोट्ट्याने फोटो काढले, एकदा हललो म्हणून परत काढले. मग सोडला. गेला पोहत. मी खूश.

दुसऱ्या दिवशी त्याच जागी गेलो. काठाला जलपर्णीच्या कडेला पांढरं पोट वर. ओठाच्या डाव्या बाजूला माझ्याच गळाचं भोक. डोळा कावळ्याने नेलेला.

पाणी जितकं गरम तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. तशा पाण्यात दमवलेला मासा आपल्यासमोर पोहत जातो आणि आपली पाठ वळल्यावर मरतो. मरळीचं वेगळं आहे, ती वर येऊन हवेतला श्वास घेते. कतला-रोहूला ती सोय नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही, मी शाळेत शिकलो होतो. फोटोच्या वेळी आठवलं नाही.

तेव्हापासून एप्रिलच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत माझा रॉड माळ्यावर असतो. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करतो. दोरी जाड लावतो, मासा पाच मिनिटांत हातात. आधी हात ओले करतो, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचा रोगापासून बचाव असतो. पाण्याबाहेर काढतच नाही. आता माझी कमाई एवढीच, की सोडताना त्याने शेपटीचा फटका हातावर मारला पाहिजे. फटका नाही बसला तर दिवसभर तोंड कडू.

तर्रीदार

मी तर परतीच्या वाटेवरच्या तर्री-पोह्यासाठी जातो. मासोळी लागली तर पोहे एक प्लेट जास्त. वीस वर्षांत हेतू तसूभर हलला नाही, हे कुठल्या पायरीत बसते ते काका सांगतील.

खापरखेड्याचे काका

तुम्ही शिडीवर नाही, टपरीवर आहात.

बजाजनगरची ताई

बायका इथे कमी दिसतात म्हणून लिहिते. मी बँकेत होते. गळ बाबांमुळे, फ्लाय मात्र चाळिशीनंतर. काठावर एकटीने जायचा धीर नव्हता, म्हणून पहिले सहा महिने रेशीमबागच्या मैदानावर सकाळी सहाला सराव. गळाऐवजी टोकाला लाल लोकरीचा तुकडा. रॉड घड्याळातल्या दहा आणि दोनच्या मध्येच थांबली पाहिजे, मागे गेलेली दोरी पूर्ण उलगडेपर्यंत दम धरायचा, मग पुढे. हा दम धरणं सगळ्यात कठीण. बँकेच्या शाखेत मी सगळ्यांना घाई करणारी बाई. फिरायला येणारे आजोबा रोज विचारायचे, "काय मोजून राहिल्या मॅडम?" मी म्हणायची, प्लॉट.

मला तेव्हा एकच ध्येय, ट्राउट. हिमाचलात तीर्थनला गेले. तिथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची बंदी असते, म्हणून मार्चअखेरची रजा टाकली (मार्चअखेर! बँकेत! मॅनेजर आजही तो विषय काढतात). मत्स्य विभागाचा परवाना घेतला. पाणी इतकं गार की गुडघ्याखाली पाय आहेत की नाहीत कळेना. ब्राउन ट्राउट मूळची आपल्या देशातली नाही, इंग्रजांनी अंडी आणून हिमालयात वाढवली. तिला असंच थंड, खळाळतं पाणी लागतं. चार दिवसांत एक मिळाली, विताएवढी. अंगावर तांबडे ठिपके, भोवती फिकट कडी. सोडली.

आणि मग काहीच वाटलं नाही. खरं सांगते, रिकामं वाटलं. आठ वर्षं ज्याच्यासाठी झुरले ते तीस सेकंदांत झालं. नागपूरला आले तर चार महिने रॉडची नळी उघडली नाही.

परत कशी गेले? श्रावणात भाचीकडे गावी गेले होते. ओढ्यावर पोरं बांबूच्या काठीने गांडूळ लावून बोटभर मासोळ्या काढत होती. एकीने विचारलं, "मावशी, तुम्हाला येते का?" मी तिच्या हातची काठी घेतली आणि तीन वेळा मासोळी गांडूळ खाऊन गेली. त्या पोरी हसून हसून लोळल्या. तिथे माझी घडी परत बसली. आता मी हिमाचलचं नाव काढत नाही. सगळ्यात बारीक गळावर काळा दोरा गुंडाळून चिलव्याच्या मागे असते. चिलवा पाण्याच्या वरच्या थरात फिरते, चटकन उचलते नि त्याहून चटकन थुंकते. दहातल्या आठ सुटतात. मला चालतं.

मौद्याकडचा

मी ढिवर हाओ. आमच्या बुढ्यापासून जाळ्याचं काम. मी शहरात स्कूलव्हॅन चालवतो, म्हून मले आता रविवारीच टाइम भेटते.

तुमचं सगळं वाचलं. राग नका मानू, पन धरून सोडता त मग धरता कायले? आमच्या घरी मासोळी म्हनजे पोट होतं. बाबा रात्री जाळं टाके, सकाळी माय टोपलं घेऊन गावोगाव हिंडे. ज्या दिवशी जाळं खाली, त्या दिवशी चुलीवर नुसती कढी. त्यात कायचा शौक नि कायची शिडी.

आता माह्या पोटाले मासोळीची गरज नाई, व्हॅनचे पैसे भेटतात. तरी रविवारी गळ घेऊन जातो. माय ऐंशीची आहे, ती वाट पाहते. बाजारातली आंध्राची रोहू तिले ओळखू येते, ताटात बाजूले सारते. म्हून मी धरतो, आनतो, खातो. सोडत नाई.

एक गोष्ट मात्र बदलली. पावसाळ्यात मरळीचे पिल्लं पाहिले का तुमी? पान्यावर लाल-केशरी गोळा, हजार तोंडं एकाच वेळी वर येतात नि बुडतात, पावसाचा थेंब पडल्यावानी वाटते. खाली मायबाप राखन करत असतात. त्या गोळ्यावर काहीबी टाका, बेंडूक टाका, रबर टाका, मरळ भुकेनं नाई, रागानं घेते. पक्की लागते. लहानपनी आमी तसेच काढू, त्यात काय लपवाचं. मायबाप गेले की तो गोळा दोन दिवसांत साफ, बाकीच्या मासोळ्या खाऊन टाकतात. तीन वर्षांपासून मी गोळ्यावर गळ टाकनं बंद केलं. कोनी सांगतलं नाई. व्हॅनमधे रोज चौदा लेकरं बसवतो, त्याच्यानं असल. आन् आमच्या तलावात मरळ कमी झाली, हेबी आहेच. दोन्ही.

कन्हानकाठी

दादा, राग कशाचा. "सोडायची तर धरता कशाला" याला माझ्याकडेही उत्तर नाही, घरी तोच प्रश्न विचारलाय. पण गोळ्याचं वाचून दोन मिनिटं थांबलो. माझ्या वहीत २०१२ च्या पावसाळ्यात चार मरळी लागोपाठ लिहिलेल्या आहेत, बाजूला "मस्त अटॅक". त्या कशावरच्या होत्या ते मला आज कळलं.

हिंगण्याचा पोट्टा

मी सगळ्यात नवीन, पाच वर्षं. माझी शिडी उलटी आहे राजेहो. मी मासा धरायच्या आधी सामान धरलं. हिंगणा एमआयडीसीत पहिली नोकरी लागली, पहिल्या वर्षात तीन रॉड, दोन रीळ, हप्त्यावर. व्हिडिओ पाहून पाहून असं वाटे की पाच नंबरच्या रॉडवर मासा येत नाही म्हणजे सहा नंबरची, आणखी वजनदार दोरीची पाहिजे. मासे तेव्हा एकूण नऊ. एका माशाचा भाव काढला एकदा, सांगत नाही, आई इथे वाचते.

बदल घडला तो मुरमुऱ्याने. एका घाटावर लोक माशांना मुरमुरे टाकतात. (तिथे मी गळ टाकत नाही, देवळाचे मासे आहेत. बघायला जातो.) कतल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं, तो वरवरचंच खातो. मुरमुऱ्याजवळ येतो, तोंड उघडतो, पाण्यासकट आत ओढतो, घाई नाही. रोहू येतो तर झालरीसारख्या ओठांनी आधी ढकलून पाहतो. मी तासभर बघत बसलो. घरी येऊन चपलेच्या पांढऱ्या फोमचा भाताच्या शितापेक्षा थोडा मोठा तुकडा कापला, ब्लेडने कडा गोल केल्या, गळाच्या दांडीवर इतवारीतून आणलेला शिलाईचा पांढरा दोरा घट्ट गुंडाळला, त्यावर फोम बसवला, दोऱ्याचे सहा वेढे आणि नखाला लावायच्या पॉलिशचा एक थेंब. पहिले चार कलंडायचे, गळ वर नि मुरमुरा खाली. पाचव्यात फोम थोडा मागे सरकवला तेव्हा सरळ तरंगला.

संस्थेच्या तलावावर परवानगी काढून गेलो. काठावरून खरे मुरमुरे मूठभर टाकले आणि त्यात माझा एक. चार रविवार काहीच नाही. कतला यायचा, आजूबाजूचे खरे खायचा, माझ्याजवळ येऊन थांबायचा आणि वळायचा. पाचव्या रविवारी घेतला. दोन किलोचा असेल, मोजला नाही. तीन रॉडपैकी दोन विकून टाकल्या. आता स्वतः बांधलेल्याशिवाय दुसरा फ्लाय लावत नाही, भले दिवस कोरडा जाओ. हे 'अवघड' मध्ये येते का 'हट्टी' मध्ये, माहीत नाही.

मौद्याकडचा

भाऊ, तो वळे कायले म्हनलं तुमी? तुमचा मुरमुरा दोरीनं ओढल्या जाते नं, बाकीचे हवेनं वाहत जातात. मासोळीले ते दिसते. दोरी ढिली सोडाची.

हिंगण्याचा पोट्टा

हौ दादा, बरोब्बर तेच होतं! पाचव्या रविवारी वारा माझ्या पाठीमागून होता, दोरी आपोआप ढिली पडली. मला वाटलं फोमचा आकार जमला.

खापरखेड्याचे काका

तो फोम कोणत्या चपलेचा? माझ्या नातवाची जुनी स्लिपर पडली आहे, पण ती निळी आहे.

हिंगण्याचा पोट्टा

निळी नका घेऊ काका. पांढरी, बाथरूमची. आणि दोरा बांधताना एकदम आवळू नका, फोम मधोमध चिरतो. पहिले दोन वेढे सैल, मग घट्ट.