पेसोआची पेटी बाजूला ठेवली तर हातात काय उरतं?

कोरा चहा:
वाद होणार हे माहीत असूनच धागा काढतोय. आमच्या वाचनगटात मागच्या रविवारी पोर्तुगीज कवितेवर बोलायचं ठरलं होतं आणि अडीच तास नुसते पेसोआवर गेले, त्यातले दोन तास त्याच्या पेटीवर. पेटीत पंचवीस हजारांवर कागद निघाले, सत्तरच्या वर नावांनी लिहायचा, लिस्बनच्या व्यापारी पेढ्यांची इंग्रजी-फ्रेंच पत्रं लिहून पोट भरायचा, सत्तेचाळिसाव्या वर्षी गेला आणि हयातीत पोर्तुगीजमधलं कवितेचं एकच पुस्तक निघालं, १९३४ चं 'मेन्साजें'. सगळं खरं आहे. पण एकानंही एक आख्खी कविता वाचून दाखवली नाही. मग आपल्याला कवी आवडतो की त्याची गोष्ट?

माझं मत, हा माणूस कवितेपेक्षा किश्शावर मोठा झालाय. ज्यांच्या नावानं लिहायचा ते काएरू, रेइश, काम्पुश हे कवीही त्यानंच रचलेले, प्रत्येकाचं जन्मसाल वेगळं, धंदा वेगळा, अगदी पत्रिका मांडून ठेवलेल्या. हौस दांडगी, पण त्यात स्वतः कुठेच सापडत नाही. त्यापेक्षा ब्राझीलचा मानुएल बांदेइरा घ्या. अठराव्या वर्षी टीबी झाला, १९१३ ला स्वित्झर्लंडच्या सॅनेटोरियममध्ये राहून आला, आणि आज जातो की उद्या असं करत करत हा बाबा जगला ८२ वर्षं! त्याची एक एवढीशी कविता आहे, डॉक्टर छाती तपासतायत, पेशंट सांगितल्याप्रमाणे तेहेतीस तेहेतीस म्हणतोय, डावं फुफ्फुस पोखरलंय आणि उजवंही धड नाही, पेशंट विचारतो न्यूमोथोरॅक्स (छातीत हवा भरून फुफ्फुस दाबायचा तेव्हाचा उपचार) करून बघायचं का, डॉक्टर म्हणतो नाही, आता एकच उपाय, आर्जेंटिनाचा टँगो वाजवा. संपली कविता. याला म्हणतात जगून लिहिणं.

मधली सुट्टी:
हे म्हणजे जेवायला गेलो, गप्पा मारून आलो आणि आता म्हणतो स्वयंपाकात मीठ नव्हतं. कविता वाचली नाही हा दोष तुमच्या गटाचा, त्यात पेसोआनं काय केलं?

तीन नावं म्हणजे तीन टोप्या नव्हेत हो. काएरूची भाषा अगदी बोडकी, उपमा नको, अर्थ नको, फूल म्हणजे फूल, त्यामागे काही नाही. स्वतःला मेंढपाळ म्हणवतो आणि वर सांगतो की मेंढ्या कधी राखल्या नाहीत. रेइश डॉक्टर, लॅटिन पचवलेला, वाक्यं उलटीसुलटी वळवतो आणि शांत बसा, फार जीव लावू नका असा त्याचा सूर. शहर लुटलं जातंय आणि दोघं बुद्धिबळ खेळतायत ही कविता त्याचीच. आणि काम्पुश इंजिनियर, ग्लासगोला शिकलेला, सुरुवातीला यंत्रं, बोटी, आरोळ्या, पानंच्या पानं बोंबलतो आणि पुढे असा दमतो की 'तंबाखूचं दुकान' लिहितो. ही १९२८ ची कविता नाव झाकून वाचा. पेटी आठवणार नाही, गॅरंटी.

फाटकी छत्री:
टोपणनावांचं एवढं कौतुक आपल्याकडे कशाला? आपले राम गणेश गडकरी नाटकाला गडकरी, कवितेला गोविंदाग्रज, विनोदाला बाळकराम. झाले की तीन. त्यासाठी लिस्बनला कशाला जायचं?

मधली सुट्टी:
@फाटकी छत्री, मला वाटलंच कोणीतरी हे काढणार. पण बाळकरामानं कधी गोविंदाग्रजावर लेख लिहून 'माझे गुरू वारले तेव्हा' म्हटलंय का? काम्पुशनं काएरूच्या आठवणी लिहिल्यात, रेइशशी वाद घातलाय. काएरूला तर १९१५ मध्ये टीबीनं मारूनसुद्धा टाकलं. टोपणनावामागे माणूस एकच असतो आणि त्याला लपायचं असतं. इथे माणसंच वेगळी. आणि गंमत म्हणजे ऑफेलिया नावाच्या मुलीशी पेसोआचं जमलं होतं, १९२० ला आणि परत १९२९ ला, तर मधे हा काम्पुश पत्रांतून लुडबूड करायचा. तिला तो अजिबात आवडत नसे.

तिरकी रेघ:
तिला कोण विचारतंय! इतका वेळ गप्प वाचत होते. ऑफेलिया म्हणजे तुमच्यासाठी पेसोआच्या गोष्टीतला एक गमतीचा परिच्छेद. लग्न नाही, संसार नाही, आई-बहिणीच्या आधारानं राहायचं, घरी आलं की कपाटाशी उभं राहून लिहायचं. नशीबवान माणूस.

आता दुसरी बाजू. सोफिया द मेलो ब्रायनर, पोर्तुगालचीच, १९१९ चा जन्म. पाच मुलं, नवरा हुकूमशहा सालाझारच्या विरोधातला, आणि कविता इतकी स्वच्छ की समुद्र, चुना मारलेली भिंत, मीठ एवढ्यावर चालते. २५ एप्रिल १९७४ ला हुकूमशाही पडली त्या पहाटेवर तिच्या जेमतेम चार ओळी आहेत, त्या आजही त्यांच्याकडे लोकांच्या तोंडी आहेत. मग १९७५ ला निवडून येऊन घटना समितीत बसली. किंवा ब्राझीलची आदेलिया प्रादु, दिविनॉपोलिस शहरातली मास्तरीण, तिलाही पाच मुलं, पहिलं पुस्तक आलं चाळिशीत. त्यातल्या पहिल्याच कवितेत ती ब्राझीलच्याच द्रुमोंद या कवीला चिमटा काढते. त्याच्या कवितेत जन्मताना एक वाकडा देवदूत येऊन सांगतो, जा कार्लुश, आयुष्यात वेंधळा राहा. हिच्याकडे येतो तो सडपातळ देवदूत, तुतारी वाजवणारा, आणि सांगतो झेंडा उचल. पुढे ती म्हणते वेंधळं राहणं हा पुरुषांचा शाप, बाई तर अनेक घड्यांची असते. पेसोआला त्यासाठी सत्तर नावं लागली!

कोरा चहा:
@तिरकी रेघ, शेवटच्या वाक्याला दंडवत. आणि माझ्याच बाजूचा मुद्दा आहे हा, जगणं कवितेत उतरायला पाहिजे.

तिरकी रेघ:
नाही हो, मी तुमच्या बाजूची नाही. सोफियाच्या कवितेत पाच मुलांचा पसारा कुठाय? समुद्र आहे नुसता. म्हणजे जगणं जसंच्या तसं उतरलं पाहिजे हेही खरं नाही.

उतारावरची ट्राम:
लिस्बनमध्ये सहा वर्षं आहे नोकरीनिमित्त, म्हणून थोडं बोलतो. पहिली गोष्ट, पेसोआच्या पुतळ्याशेजारी कॅफेबाहेर एक रिकामी खुर्ची आहे ब्राँझची, दिवसभर लोक तिथे बसून फोटो काढतात. त्यातल्या किती जणांनी वाचलाय हा कोऱ्या चहाचा प्रश्न मलाही पडतो, भारतातून पाहुणे आले की मीही त्यांना तिथे नेतो ते सोडा.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. १९३५ च्या जानेवारीत पेसोआनं एका समीक्षकाला पत्र लिहिलं की ८ मार्च १९१४ ला मी उंच कपाटाशी उभा राहिलो आणि तीस-पस्तीस कविता एका झटक्यात आल्या, काएरू जन्मला. हा 'विजयाचा दिवस' सगळीकडे छापतात. पण इथल्या अभ्यासकांनी, म्हणजे ईव्हो काश्त्रूनं, मूळ वही तपासली तर कागद वेगळे, पेनं वेगळी, तारखा वेगळ्या, खाडाखोड भरपूर. एका रात्रीत वगैरे काही नाही. हमालीच केलीय.

कोरा चहा:
बघा! थापच निघाली.

मधली सुट्टी:
थाप कसली? कवी हा सोंग घेणारा असतो, असं त्यानं स्वतःच कवितेत लिहून ठेवलंय, इतकं हुबेहूब सोंग की खरी वेदनासुद्धा सोंग म्हणून आणतो. आणि मला तर ट्रामवाल्यांची माहिती पेसोआच्या बाजूची वाटते. झटक्यात आलं असतं तर नशीब म्हटलं असतं, इथे माणसानं बसून घडवलंय. साधेपणा खाडाखोड करून आणलेला.

शून्य मैल:
द्रुमोंदचं नुसतं नाव येऊन गेलं, त्याच्यावर बोला की जरा. (ब्राझीलमध्ये उच्चार जरा वेगळा आहे, पण त्यावरून वेगळा धागा काढू नका प्लीज.)

कार्लुश द्रुमोंद द आंद्राद, १९०२, इताबीरा, लोखंडाच्या खाणींचं गाव. शिकला फार्मसी, औषधाचं दुकान कधी टाकलं नाही, आयुष्यभर सरकारी नोकरी. १९२८ मध्ये त्यानं एक कविता छापली, त्यात एवढंच की रस्त्याच्या मध्ये एक दगड होता, दगड होता रस्त्याच्या मध्ये, आणि हे मी कधी विसरणार नाही. अख्ख्या देशानं टिंगल केली. एक तक्रार काय होती माहितीये? 'होता' साठी त्यानं पुस्तकी क्रियापद न वापरता बोलण्यातलं वापरलं, शाळेत असं लिहिलं तर मास्तर लाल रेघ मारेल असं. हा पठ्ठ्या चाळीस वर्षं शिव्या आणि कौतुकाची कात्रणं जमवत बसला आणि १९६७ ला त्यांचंच एक पुस्तक काढलं! आपल्याकडे मर्ढेकरांच्या उंदरांवर काय गदारोळ झाला ते आठवा. मर्ढेकर पण रेडिओच्या नोकरीत. नोकरदार माणूस शांतपणे बसून भाषेला सुरुंग लावतो, हा प्रकार मला सगळ्यात आवडतो.

फाटकी छत्री:
शांतपणे कुठे बसून ते पण सांगा ना. तुमचा द्रुमोंद १९३४ ते ४५ शिक्षणमंत्री कापानेमाच्या ऑफिसचा मुख्य होता. १९३७ पासून व्हार्गसची हुकूमशाही, सेन्सॉरशिप, लोक तुरुंगात, आणि हे साहेब फायली पुढे सरकवतायत आणि रात्री फॅसिझमविरुद्ध कविता लिहितायत. पेसोआला सोंगाडा म्हणता, मग याला काय म्हणायचं?

शून्य मैल:
याला म्हणायचं, ज्याला आपण वाकडे आहोत हे माहीत आहे. त्याच्या कवितेतला निवेदक कधीच सोवळा नसतो, फूल रस्त्याच्या डांबरातून उगवतं आणि तेही कुरूप असतं. मुद्दा तुमचा आहे, नाही म्हणत नाही. पण नोकरी सोडून कोण तग धरणार होतं? कवी जुआंव काब्राल द मेलो नेतो परराष्ट्र खात्यात होता, १९५२ मध्ये कम्युनिस्ट असल्याचा आरोप ठेवून घरी बसवलं. त्याच खात्यातल्या कवी व्हिनिशियुस द मोराइशला लष्करशाहीनं १९६९ मध्ये काढलंच.

काब्रालवर एक शब्द टाकतो नाहीतर झोप येणार नाही. जन्मभर डोकेदुखी, म्हणून अ‍ॅस्पिरिनवर चक्क स्तोत्र लिहिलं, गोळी म्हणजे खिशात मावणारा सूर्य. गाणं आवडायचं नाही म्हणायचा, कवितेत गेयता नको, दगडासारखी कोरडी हवी. आणि त्याच माणसाचं दुष्काळातून निघालेल्या सेव्हेरीनो नावाच्या माणसावरचं नाट्यकाव्य १९६५ ला शिकू बुआर्कच्या संगीतावर स्टेजवर आलं आणि देशभर गाजलं.

मांडवीपलीकडे:
चर्चा छान चाललीय पण एक विचारू? सगळे लिस्बन आणि रिओ करतायत, आमची गोव्याची बाजू कोणी मांडायची? 'मेन्साजें' हे पोर्तुगालच्या दर्यावर्दी साम्राज्याचं स्वप्नगीत आहे. त्याला सालाझारच्या प्रचार खात्यानं बक्षीस दिलं. आमच्या आजोबांनी तेच साम्राज्य दाराशी उभ्या शिपायाच्या रूपात पाहिलं. शैली वगैरे ठीक, पण मला ते पुस्तक थंड डोक्यानं वाचता येत नाही.

उतारावरची ट्राम:
बरोबर आहे, आणि त्याच्या खासगी टिपणांत गुलामगिरीचं समर्थन करणारा मजकूर आहे तो याहून वाईट. इथे त्यावर भांडणं होतात. पण बक्षीस घेतल्यावर काही महिन्यांतच, १९३५ मध्ये, त्यानं सालाझारवर टवाळीच्या कविता केल्या, 'साल' म्हणजे मीठ, 'आझार' म्हणजे दुर्दैव, पाऊस पडला की मीठ विरघळतं आणि उरतं ते दुर्दैव, अशी आडनावाचीच फोड. अर्थात हयातीत छापून आल्या नाहीत. पेटीतच.

कोरा चहा:
आली पेटी परत.

मांडवीपलीकडे:
ते राहू दे, मी दुसरंच सांगणार होतो. पोर्तुगीज कविता आमच्याकडेही झाली. आदेओदातु बार्रेतु मडगावात जन्मला, पोर्तुगालमध्ये कोइंब्राला शिकला, तिथून 'इंडिया नोव्हा' हे नियतकालिक काढलं, गांधी-टागोरांचं वेड, १९३७ ला बत्तिशी गाठायच्या आत गेला. गोव्याच्याच विमला देवीचा 'सुरिया' हा कवितासंग्रह १९६२ चा, म्हणजे राज्य गेल्यावरचा. आणि सगळ्यात नवल लक्ष्मणराव सरदेसाईंचं. मराठी कथाकार म्हणून तुम्ही ओळखता. पोर्तुगिजांनी तुरुंगात घातलेला माणूस. पोर्तुगीज असेपर्यंत मराठीत लिहिलं, आणि ते गेल्यावर, साठच्या दशकात, पोर्तुगीजमध्ये कविता लिहिल्या! पुढे कोंकणीत लिहून साहित्य अकादमीही मिळवली. त्यांना कोणी तीन नावं घ्यायला सांगितलं नाही, तीन भाषा होत्याच.

तिरकी रेघ:
हे माहीत नव्हतं. मालक निघून गेल्यावर भाषा नुसती भाषा उरत असेल, तेव्हा कुठे प्रेम करता येत असेल तिच्यावर.

आपल्याकडे येऊन गेलेली अजून एक, सेसिलिया मेइरेलेश, रिओची. टागोरांचे अनुवाद केले, गांधी गेल्यावर शोकगीत लिहिलं, १९५३ ला भारतात आली, त्यावर अख्खा संग्रह आहे. तिचा पेसोआचा किस्सा सांगतात तो असा, १९३४ ला लिस्बनमध्ये ती त्याला भेटायला कॅफेत जाऊन दोन तास बसली, हा आलाच नाही. हॉटेलवर परतली तर 'मेन्साजें'ची प्रत आणि चिठ्ठी, पत्रिकेत आपली भेट दिसत नाही. मी असते तर पुस्तक परत पाठवलं असतं.

फाटकी छत्री:
पत्रिका बघून भेट टाळणारा माणूस आपला वाटतो पण.

कोरा चहा:
एवढं बोलल्यावर लाज वाटली म्हणून काल गटात 'तंबाखूचं दुकान' इंग्रजीतून का होईना पण पूर्ण वाचली, मोठ्यानं, सात-आठ मिनिटं लागली. मत फार बदललेलं नाही, बांदेइरा मला अजूनही जवळचा, पण मधे तो चॉकलेट खाणाऱ्या पोरीला म्हणतो, खा बाई, जगात यापलीकडे तत्त्वज्ञान नाही, आणि स्वतः मात्र चांदीचा कागद काढताना विचार करत बसतो आणि सगळं जमिनीवर टाकून देतो, तिथे सगळे गप्प झाले. शेवटी दुकानातून एश्तेव्हश नावाचा माणूस सुटे पैसे खिशात टाकत बाहेर येतो, ओळखीचा निघतो, हात करतो, दुकानदार हसतो. आमच्यातल्या एका काकांनी विचारलं, हा एश्तेव्हश पण पेसोआच का, पेटीतला?

म्हटलं नाही हो काका, तो सिगारेट घ्यायला आलेला.