‘नदीत पाणी सोडलं’ की ‘हक्कावर पाणी सोडलं’?

काठावरची : अमेरिकेच्या पश्चिमेकडल्या राज्यांतल्या पाणीहक्कांवरचा लेख अनुवादते आहे. तिथे ज्याने आधी पाणी उचललं त्याचा हक्क वरचा. टंचाईत त्याचं भागल्यावरच मागच्यांची पाळी. पण पाणी वापरलं नाही तर हक्कच बुडतो. ऑरेगनमध्ये सलग ५ वर्षं वापर नसला की गेला. १९८७च्या तिथल्या कायद्याने यातून वाट काढली. शेतकरी आपला हक्क ठरावीक मुदतीसाठी नदीला भाड्याने देऊ शकतो, आणि ते दिवस ‘वापर’ म्हणून धरले जातात. मी लिहिलं, ‘शेतकऱ्याने उन्हाळ्यापुरतं आपल्या हक्काचं पाणी नदीत सोडलं.’ मजकूर तपासणाऱ्या मैत्रिणीने समासात विचारलं, ‘म्हणजे हक्कावर पाणी सोडलं ना?’ नेमका उलटा अर्थ! काय लिहू?

उदकशोध : मैत्रिणीचं चुकलं नाही. दान देताना हातावरून पाणी सोडतात, ते झालं की वस्तूवरची मालकी संपली. ‘उदक सोडणे’ म्हणजे कायमचा त्याग. तुमचा शेतकरी तर हक्क टिकवण्यासाठीच हे करतोय. ‘सोडणे’ काढाच.

नियमावली : ‘अंतःप्रवाही जलाधिकाराचे तात्पुरते हस्तांतरण’. कायद्याच्या मजकुरात बोलीभाषा आणली की पळवाटा निघतात.

काठावरची : ‘अंतःप्रवाह’ वाचून मला जमिनीखालचं पाणी आठवतं, नाहीतर मनातलं काहीतरी.

साधंसरळ : ‘राखणे’ घ्या. ‘पाणी पात्रात राखलं.’

उदकशोध : राखलेलं पाणी अडवलेलं वाटतं. हे तर वाहतं ठेवायचंय. कोलोराडोत १९७३पासून असा हक्क राज्याच्या जलसंधारण मंडळाच्या नावावर घेता येतो. नदीच्या या ठिकाणापासून त्या ठिकाणापर्यंत अमुक इतका प्रवाह, अशी त्याची नोंद होते. बांध नाही, पाट नाही.

तळठाव : मला ‘सोडणे’ वेगळ्याच कारणाने खटकतं. सोडणारा मालक असावा लागतो. कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवराला मिळणाऱ्या ओढ्यांचं पाणी लॉस एंजेलिस १९४१पासून नेत होतं. १९८३ साली तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हक्क देऊन झाला तरी राज्याची विश्वस्त म्हणून जबाबदारी संपत नाही, ते हक्क पुन्हा तपासता येतात. विश्वस्त सांभाळतो तो न्यास, आणि ‘न्यास’चा जुना अर्थच ‘ठेव’. ठेव सोडत नाहीत, परत करतात. ‘पाणी नदीला परत केलं’ लिहा.

साधंसरळ : भाडं संपलं की तो पुन्हा उचलणार. मग परत कसलं केलं?

वाफा : माझे वडील रात्री दारं धरायचे. फावड्याने एका वाफ्याचं तोंड बुजवून दुसऱ्याचं उघडायचे, पाणी मातीत शिरताना बारीक सुरसुर ऐकू यायची. तेव्हा म्हणायचे, ‘उसाला पाणी लावलं.’ या कायद्यातही तेच घडतंय. पूर्वीपासून पिकाला लावलेलं पाणी ‘वापर’ धरलं जायचं, आता नदीही त्या यादीत आली. ‘शेतकऱ्याने उन्हाळ्यापुरतं आपल्या वाट्याचं पाणी नदीला लावलं.’

उदकशोध : वा! हे बसतं.

नियमावली : नदीला पाणी लावलं? नदी म्हणजे पीक नव्हे. वाचणारा गोंधळेल.

वाफा : गोंधळू द्या घडीभर. नदीलाही पाणी लागतं, हे ऐकायची आपल्या कानांना सवय नाही, म्हणून खटकतं.

तळठाव : मधेच विचारतो, ‘दारं धरणे’तलं दारं ‘धारे’वरून आलं ना? धार धरणे?

उदकशोध : नाही, ‘द्वार’. वाफ्याचं तोंड ते दार.

तळठाव : मग अनेकवचन का? एका वेळी एकच तोंड उघडं असतं.

वाफा : दारं एकामागून एक धरायची असतात, रात्रभर.

काठावरची : एक राहिलंच. पाणी नदीला लावता येतं, पण त्या वाक्यात हक्कही हवाय. हक्क नदीच्या ‘नावे केला’ म्हटलं तर पुन्हा कायमचाच वाटतो ना?

नियमावली : म्हणूनच ‘हस्तांतरण’ म्हणत होतो.

तळठाव : पण गाईची धारही धरतातच की.