दहानंतरचा साउंड : गावाने स्वतःचा नियम करावा की नको?

अंत्रुजवासी
येत्या ग्रामसभेत आमच्या वाड्यातर्फे, म्हणजे वस्तीतर्फे, साउंडबद्दल एक ठराव मांडायचा आहे. विरोध असेल तर तो आधीच कळावा म्हणून इथे लिहितोय.

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातला आमचा गाव लहान. देवळाचा मंडप, शंभर पावलांवर शाळा, मागे कुळागरं (सुपारी-नारळाच्या बागा) आणि दोन्ही बाजूंना खेटून कौलारू घरं. आधी मोठा आवाज म्हणजे जत्रा, शिगमो (होळीचा उत्सव) आणि चवथीच्या आरत्या. आता बारशाला साउंड, साखरपुड्याला साउंड, क्रिकेटच्या फायनलला साउंड. दिवाळीत नरकासुराचे पुतळे पहाटे जाळतात, त्या आधीच्या रात्री तर एकाच रस्त्यावर तीन-चार मंडळं एकमेकांवर आवाज चढवत राहतात. बेस सुरू झाला की आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवरची स्टीलची ताटं थरथरत पुढे सरकतात. आई ती उतरवून जमिनीवर ठेवते, मगच आडवी होते.

कायदा नाही असं नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. शाळा, इस्पितळ, न्यायालय यांच्याभोवती किमान 100 मीटर सरकारला शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. अडतं ते तक्रारीवर. शहरात फोन करणारा कोण ते कोणाला कळत नाही. गावात पोलिसांची गाडी परत वळायच्या आत वाड्यावर नाव फिरतं. ज्याची तक्रार केली त्याच्याच दुकानावर सकाळी नारळ आणायला जायचं असतं, त्याच्याच रिक्षातून आईला तपासायला न्यायचं असतं. म्हणून माणसं खिडक्या लावून गप्प पडतात, आणि कोणी काही बोललं नाही म्हणजे कोणाला त्रास नाही असं धरलं जातं.

म्हणून आमचं म्हणणं, शेजाऱ्याला तक्रार करायची पाळीच येऊ देऊ नये. मंडप देवस्थान समितीचा, मैदान पंचायतीचं. ते देतानाच आयोजकाकडून अनामत घ्यावी, साउंडवाल्याचा फोन नंबर लिहून घ्यावा, 10 ला बंद करायची जबाबदारी कोणाची ते नावानिशी ठरवावं. बेसचे मोठे बॉक्स घरांच्या मधे उभे करू नयेत. आणि वाड्यातली दोन माणसं प्रत्येक कार्यक्रमाला येऊन बघतील, कोणी तक्रार करो वा न करो. बोला.

नरकासुर_मंडळ
बाब, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. नरकासुर वर्षातून एक रात्र. महिनाभर आधीपासून आमची पोरं कामावरून आली की बांबू, गवत, कागद घेऊन बसतात. गावात तरुणांना एकत्र यायला दुसरं काय उरलंय? वाचनालय बंद, फुटबॉलच्या मैदानाला अर्ध्यावर कुंपण. त्या एका रात्रीवर तुम्ही अनामत आणि देखरेख लावणार, म्हणजे आम्ही गुन्हेगार असल्यासारखं झालं. पहाटेला दहन होईपर्यंत जागायचं असतं. गाण्याशिवाय कोण जागेल?

आणि ही सुरुवात असते. आज साउंड बंद, उद्या ढोल बंद, परवा देवळाची घंटा. बाहेरून येऊन बंगले बांधणाऱ्यांना पोदेराच्या (पाववाल्याच्या) भोंप्याचाही त्रास होतो, हे आम्ही कानांनी ऐकलंय.

रातपाळी
मी परिचारिका आहे. रात्रीची ड्यूटी करून सकाळी घरी येते. माझ्यासाठी दिवसाचे 11 म्हणजे मध्यरात्र. या ठरावात दिवसाच्या आवाजाबद्दल एक अक्षर नाही. मुंजीला सकाळी सातपासून लावलेला स्पीकर दुपारच्या जेवणापर्यंत चालतो, मंडपात ऐकायला चार म्हातारी माणसं आणि तीही एकमेकांशी ओरडून बोलत असतात. 10 वाजले की बंद, एवढ्यावर थांबलात तर दिवसभर वाटेल तेवढं वाजवायचा परवाना दिल्यासारखं होईल. दिवसाची 55 ची मर्यादा कोण बघणार?

साउंडवाला
धंदा माझा हाच, म्हणून लिहितो. आम्हाला खलनायक करणं सोपं आहे. कर्ज काढून सिस्टिम घेतलीय, हंगाम मोजून काही महिन्यांचा, पावसात सगळं झाकून ठेवायचं. आवाज वाढव म्हणून आयोजकच मागे लागतो. नाही वाढवला तर पुढच्या वर्षी दुसऱ्याला बोलावतो.

पण आकडे समजून घ्या. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबल उतरतो. बॉक्सपासून 10 मीटरवर 100 असेल तर 320 मीटरवरही 70 च्या आसपास राहतो. म्हणजे 55 पाळायचं तर लहान गावात मोठी सिस्टिम लावायला जागाच नाही, हे मी स्वतः सांगतोय. खाडीकाठच्या गावांत तर रात्री पाण्यालगतची हवा थंड असते, आवाज वर निघून न जाता खाली वळतो आणि पलीकडच्या काठावर स्वच्छ ऐकू येतो.

आणखी एक. तुमची दोन माणसं मोबाईलवरचं ॲप घेऊन आली तर त्यांना फसवणं सोपं आहे. मर्यादा मोजतात ती डेसिबल-ए मध्ये, आणि त्या मापात खालच्या सुरांना वजन कमी असतं. 63 हर्ट्झच्या आसपासचा बेस त्यात जवळपास 26 डेसिबलने कमी धरला जातो. म्हणजे आकडा बेताचा दिसेल आणि तुमच्या आईची ताटं तरीही सरकतील. बेसला दिशाही नसते, बॉक्स शेताकडे फिरवले तरी मागच्या घरात तो पोचतोच. आकड्याच्या मागे लागू नका. किती बॉक्स आणि कोणते, ते आधी ठरवा. मैदानभर लहान स्पीकर पसरून लावले तर कमी आवाजात सगळ्यांना ऐकू येतं. त्याला तारा जास्त लागतात, पोरं जास्त लागतात. ते पैसे द्यायची आयोजकाने तयारी ठेवावी.

कोर्टकचेरी
थोडी कायद्याची बाजू. त्या नियमांत राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस, तेही रात्री 12 पर्यंतच, सवलत देता येते, आणि ते दिवस आधी जाहीर करावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली ही सवलत ग्राह्य धरली, आणि ज्याला ऐकायचं नाही त्याच्यावर आवाज लादण्याचा हक्क कोणाला नाही असंही त्याच वर्षी सांगितलं. गोव्यातली अडचण अशी की प्रत्येक गावची जत्रा वेगळ्या तिथीला. कार्तिकापासून वैशाखापर्यंत कुठे ना कुठे चालू. राज्याच्या एका यादीत 15 दिवसांत सगळी गावं बसणं शक्य नाही.

नरकासुर मंडळाला सांगायचं तर, 2010 च्या दुरुस्तीनंतर रात्रीच्या बंदीत वाद्यंही येतात. ढोलसुद्धा. बंदिस्त जागेला सूट आहे, म्हणून घरातल्या घुमट (मातीचं चर्मवाद्य) आरतीचा प्रश्न येत नाही. ग्रामसभा कायदा सैल करू शकत नाही. आपल्या जागेच्या वापराला अटी मात्र घालू शकते.

मंडपातला_नट
मग जत्रेच्या नाटकाचं काय? आमच्याकडे पालखी फिरून आली, पावणी (देवापुढच्या वस्तूंचा लिलाव) झाली की अकरा-साडेअकराला पडदा उघडतो आणि पहाटे भैरवी. गावची पोरंच नट, गावचाच पेटीवाला. मराठी रंगभूमी गोव्यात टिकली ती याच मंडपांत. ती 10 ला बंद करायची म्हणजे तिचा गळा दाबणं. माझा या ठरावाला विरोध आहे.

आवाजाबद्दल मात्र एक सांगतो. आमच्या आधीच्या पिढीचे नट शेवटच्या रांगेपर्यंत गळ्याने पोचायचे. वर टांगलेले दोन माइक पुरतात. हल्ली पार्श्वसंगीतासाठी कॉन्सर्टला लागतात तसले बॉक्स आणतात, त्यात शब्दच ऐकू येत नाहीत. लेखकाने लिहिलेलं वाक्य प्रेक्षकाला कळलं नाही तर नाटक कशाला करायचं? वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास अखंड भजन चालतं. त्यात बेस लागत नाही.

किनारेकर
तुम्ही सगळे गावातल्या गावात भांडताय. इकडे किनाऱ्यावर या. हणजूण-वागातोरच्या संगीताचं प्रकरण उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेलं, तरी लोकांची झोपमोड संपलेली नाही. मोरजीला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, तिथे आजूबाजूला रात्री काय चालतं ते बघा. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांना नियम लागत नाही आणि नरकासुर करणाऱ्या पोरांना अनामत? आधी तिकडचं बंद करा, मग गावावर या. नाहीतर हा ठराव फक्त गरिबावर चालेल.

रातपाळी
किनारेकरबाब, तिकडचं बंद होईपर्यंत आम्ही झोपायचं नाही का? जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये युरोपसाठी रात्री घराबाहेर 40 डेसिबलची शिफारस केली, ती झोपेचा आणि हृदयाचा विचार करून. हृदयाला आवाज क्लबचा की मंडळाचा हे कळत नाही. दोन्हीविरुद्ध बोलू. पण माझ्या खिडकीबाहेरचा आवाज थांबवणं माझ्या गावाच्या हातात आहे, तिकडचा नाही.

अंत्रुजवासी
रातपाळीताईंचं दिवसाबद्दलचं म्हणणं मान्य, ठरावात घालतो : सोहळा मंडपात असेल तर स्पीकर मंडपापुरता, बाहेर तोंड करून भोंगा नाही. साउंडवाल्याचंही घेतो. डेसिबलचा आकडा ठरावात घालत नाही, बॉक्सची संख्या आणि प्रकार अर्जावरच लिहून घेऊ.

नटबाब, नाटक बंद पडावं असं मला कधीच वाटणार नाही. आमचा मंडप तिन्ही बाजूंनी उघडा आहे, तो बंदिस्त करायचा की कसं हे देवस्थानाने ठरवावं. दोन टांगते माइक आणि मैदानातला डीजे यांत फरक आहे, हे गावातल्या कोणालाही समजतं.

किनारेकरबाब, तुमच्या शंकेवर मी पुष्कळ विचार केला. नियम फक्त दुबळ्यावर चालतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. म्हणूनच पहिली अनामत आमच्या वाड्यातल्या लग्नाची असेल, आणि गावात कोणी हॉटेलवाला आला तर त्यालाही हाच अर्ज. बंगलेवाल्यांना घंटेचा आणि पोदेराचा त्रास होत असेल तर तो त्यांनी सोसावा. पोदेर दोन मिनिटांत पुढे जातो.

नरकासुर मंडळाला एक विचारतो. तुमच्या रस्त्यावर बारावीला बसलेल्या मुली आहेत, दोन घरांत अंथरुणाला खिळलेली माणसं आहेत. त्यांना कोणी कधी विचारलं का?

नरकासुर_मंडळ
विचारलं नाही. यंदा विचारू.

पण अनामत आम्ही भरणार नाही. गावच्या पोरांनी गावच्या मैदानासाठी पैसे ठेवायचे हे पटत नाही, ग्रामसभेत उभं राहून तसं बोलणार. त्याऐवजी जबाबदार म्हणून मंडळाच्या तिघांची नावं लिहून देतो. बेसचे बॉक्स यंदा मागवणार नाही, साउंडवाल्याच्या हिशोबाने लहान स्पीकर लावू, तेही 10 पर्यंत. त्यानंतर गाणी नाहीत. पहाटे दहनाला मात्र ढोल-ताशे वाजतील. कायद्यात काय आहे ते कोर्टकचेरीने सांगितलं, ऐकलं. तरी वाजतील.

कोर्टकचेरी
हे इथे लिहिलंत, ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहू नका. आणि अंत्रुजवासी, ठरावाचा मसुदा सभेच्या आधी सगळ्या वाड्यांवर वाटा. ऐन वेळी वाचला तर निम्मे लोक न ऐकताच विरोध करतील.