सातारचं राज्य, १८१९ ते १८४८: छत्रपतींच्या हातात नेमकं काय होतं?

प्रश्न: पेशवाई १८१८ मध्ये बुडाली, सातारा मात्र १८४८ मध्ये खालसा झालं. मधल्या काळात प्रतापसिंह महाराजांकडे खरी सत्ता किती होती? आणि ‘वारस नव्हता म्हणून खालसा’ हे बरोबर आहे का?

उत्तर १: आधी महाराज आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यातला २५ सप्टेंबर १८१९ चा तहनामा वाचा. आतला कारभार, म्हणजे वसुली आणि न्याय, महाराजांचा. तोही १८२२ पर्यंत कंपनीचा साताऱ्यातला अधिकारी ग्रँट डफच बघत होता. पण फौज कमीजास्त करायची तर कंपनीची परवानगी हवी, आणि राज्याबाहेरच्या कोणाशीही बोलणं किंवा पत्रव्यवहार करायचा तो रेसिडेंटमार्फतच, म्हणजे दरबारातल्या कंपनीच्या प्रतिनिधीमार्फत. ही अट मोडली तर तहाने दिलेलं सगळं जाणार. १८३९ मध्ये नेमकी हीच अट पुढे केली गेली. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा आणि कंपनीच्या देशी अंमलदारांना फितवल्याचा आरोप ठेवला. महाराजांनी कबुलीवर सही करायला साफ नकार दिला. मग त्यांना पदच्युत करून काशीला पाठवलं आणि धाकटे बंधू शहाजी, म्हणजे आप्पासाहेब, गादीवर आले.

उत्तर २: यात जहागीरदार विसरू नका. पंतसचिव, पंतप्रतिनिधी, फलटण, जत, अक्कलकोट हे नावाला छत्रपतींचे, पण त्यांच्या जहागिरींची हमी कंपनीची. जहागीरदाराला जाब विचारायला गेलं की तो रेसिडेंटकडे धाव घेणार. खरी कुचंबणा इथे होती.

उत्तर ३: ‘वारस नव्हता’ हे चूक. दत्तक दोन होते: एक प्रतापसिंहांनी काशीत घेतलेला, दुसरा आप्पासाहेबांनी ५ एप्रिल १८४८ रोजी, मृत्यूच्या दिवशीच. कंपनीने आप्पासाहेबांचा दत्तक खाजगी मालमत्तेपुरता मानला, राज्यापुरता नाही. गव्हर्नर जनरल डलहौसीचं म्हणणं असं की हे राज्य कंपनीनेच निर्माण केलं, तेव्हा औरस वारस नसेल तर ते कंपनीकडे परत. पण तहनाम्याच्या पहिल्याच कलमात मुलूख राजांना, त्यांच्या वारसांना व उत्तराधिकाऱ्यांना कायमचा दिल्याचं लिहिलंय! मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांनीही खालशाला विरोध केला होता. त्यांच्या जागी आलेले फॉकलंड उलट मताचे निघाले. लंडनची मंजुरी १८४९ च्या सुरुवातीची, म्हणून काही पुस्तकांत १८४८ तर काहींत १८४९ दिसतं. आप्पासाहेबांच्या मृत्यूचं वर्ष आणि मंजुरीचं वर्ष वेगळं लिहिलं की हा घोळ होत नाही.

उत्तर ४: महाराजांचे वकील रंगो बापूजी लंडनला गेले ते प्रतापसिंहांची बाजू मांडायला, १८३९ च्या पदच्युतीविरुद्ध. खालसा करण्याचा मुद्दा नंतर आला. उत्तरात या दोन गोष्टी एकत्र करू नका.